गाजराचं घर

मिस्त्रीचं लग्न सेहेचाळिसाव्या वर्षी झालं आणि त्या लग्नाबरोबर घरात तिघं आली. बायको, तिची अकरा वर्षांची मुलगी ठकी, आणि गाजर.

गाजर म्हणजे साप. खरा, जिवंत, चार फुटी. कॉर्न स्नेक म्हणतात त्या जातीला. विषबीष काही नाही, स्वभावानं गरीब, अंगावर केशरी आणि तांबूस पट्टे. पिल्लू होतं तेव्हा थेट ताज्या गाजरासारखं दिसायचं, म्हणून ठकीनं ते नाव ठेवलेलं.

बायकोनं लग्नाआधी सांगितलं नव्हतं असं नाही. "ठकीचा एक पाळीव प्राणी आहे, चालेल ना?" एवढं ती म्हणाली होती, आणि मिस्त्रीनं मनातल्या मनात एक कासव उभं करून "चालेल की!" म्हटलं होतं. खरा प्रकार कळला तेव्हा लग्नाला आठ दिवस उरले होते. आता मागे फिरायचं तर कारण काय सांगणार? आणि मागे फिरायचं त्याच्या मनातही नव्हतं. बाई कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात तो एसी दुरुस्त करायला तीनदा गेला होता. ती तिथं मागच्या खोलीत भिंगं घासायची. तिसऱ्या खेपेला एसीला काहीही झालेलं नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. तेव्हापासून ती त्याला 'मिस्त्री' म्हणायची, लग्नानंतरही तेच म्हणत राहिली.

सापाची भीती त्याला का वाटायची हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. कधी चावला नव्हता, कधी वाटेत आडवा गेला नव्हता. पण वर्तमानपत्रात नुसता फोटो दिसला तरी तो पान उलटायचा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या बाहेर एका दोरावर लटकून एसी बसवणारा माणूस, पण सापाचं नाव काढलं की खोली सोडून बाहेर पडायचा.

सामान आलं त्या दिवशी व्हायचं तेच झालं. टेम्पोतून गाजराची काचेची पेटी उतरवायला मिस्त्री पुढे झाला. नवा माणूस घरात येतोय तर आपण मागे कशाला राहायचं, असा विचार. पेटी छातीशी धरून पायरी चढला आणि आतली वाळकी फांदी हलली. बस्स. गाजर पेटीत नव्हतंच, ते कापडी पिशवीत, ठकीच्या मांडीवर, टेम्पोच्या पुढच्या सीटवर होतं. पण हे मिस्त्रीच्या हातांना कोण सांगणार? पेटी सुटली. पायरीवर काचा काचा झाल्या.

ठकी रडली नाही, ओरडली नाही. पिशवी पोटाशी धरून नुसती बघत राहिली. मग आईला म्हणाली, "असू दे. चप्पल घालून ये, काच लागेल."

संध्याकाळी बायको हलक्या आवाजात म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका मिस्त्री. फक्त... ती पेटी तिच्या बाबांनी दिली होती. आठवा वाढदिवस होता. पुढच्या वर्षी ते गेले दुसरीकडे राहायला. आता दोन-दोन महिने फोनसुद्धा नसतो."

आता हे ऐकून मनाला लावून घेऊ नका म्हणजे काय? मिस्त्री अर्ध्या जेवणावरून उठला.

गाजराची तात्पुरती सोय झाकणाच्या प्लॅस्टिकच्या टबात झाली. टब ठकीच्या खोलीत, आणि मिस्त्री त्या खोलीच्या दारापर्यंत. ठकी त्याच्याशी बोलायची, नाही असं नाही, पण तिचं बोलणं मोठं गमतीचं होतं. 'तू' म्हणावं तर तेवढी जवळीक नाही, 'तुम्ही' म्हणावं तर घरातला माणूस. 'काका' म्हणायचं नव्हतं, 'बाबा' म्हणायचा तर प्रश्नच नव्हता. मग पोरीनं त्यातून वाट काढलेली. "चहा गार होतोय." "दार लावायचं राहिलंय." "किल्ली टेबलावर आहे." कर्ता गायब! तिच्या वाक्यांत मिस्त्री कुठेच नसायचा, पण चहा मात्र त्यानंच प्यायचा असायचा.

चार दिवसांनी मिस्त्रीनं विचारलं, "नवीन पेटी मी केली तर चालेल?"

ठकीनं खांदे उडवले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या डब्याखाली वहीचा कागद होता. वर नाव नाही, खाली सही नाही. गरम बाजू बत्तीस, गार बाजू चोवीस, असं त्यात लिहिलं होतं. दोन्ही बाजूंना लपायला जागा हवी, नाहीतर त्याला ऊब आणि लपणं यातलं एकच निवडावं लागतं. दिवसा उजेड हवा, रात्री उजेड नको पण ऊब हवी. हीटरला जाळी हवी, कारण त्याला चटका बसला तरी ते पटकन बाजूला होत नाही. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती: पेटी मोठी हवी, त्याला पूर्ण सरळ होता आलं पाहिजे.

मिस्त्रीनं तो कागद वर्कशॉपमध्ये नेला आणि पाच वेळा वाचला. वर्कशॉपच्या मागच्या अंगाला एक मोडीत काढलेला फ्रीज उभा होता. काचेच्या दाराचा, दुकानात थंड पेयांच्या बाटल्या ठेवतात तसला. कॉम्प्रेसर जळलेला, पण दार शाबूत, आणि भिंतींत दोन इंच जाड फोम. मिस्त्रीनं टेप लावला. पाच फूट उंच, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. आडवा पाडला की पाच फुटांची खोली तयार!

"काय रे," वर्कशॉपचा मालक म्हणाला, "वीस वर्षं लोकांचं गार करत आलास, आणि आता हे काय?"

"आतून गरम करायचाय."

"लग्न मानवलं म्हणायचं!" मालक म्हणाला, आणि वर्कशॉपभर हशा पिकला. पण फ्रीज त्यानं तसाच देऊन टाकला, वर घरी पोचवायला गाडीही दिली.

पुढचे दोन आठवडे मिस्त्री कामावरून आला की हात धुऊन त्या फ्रीजला भिडायचा. जळका कॉम्प्रेसर काढला, नळ्या कापल्या. फ्रीज अशा बेतानं आडवा ठेवला की दार वरून खाली उघडेल, आणि वरच्या कडेला दोन कड्या लावल्या. हवा खेळायला गार बाजूला खाली आणि गरम बाजूला वर भोकं पाडून आतून बारीक जाळी ठोकली. फ्रीजमधल्याच तारेच्या फळ्या वाकवून हीटरला पिंजरा केला. हीटर चिनीमातीचा होता, नुसती ऊब देणारा, उजेड न देणारा. उजेडासाठी वेगळी पट्टी, तिला टायमर. ठकी आधी दारातून बघायची. मग खोलीच्या मध्यापर्यंत आली. मग एके दिवशी मिस्त्रीनं न बघता हात मागे केला तर हातात बरोबर दहाचा पाना आला.

"हाच हवा होता ना?" ती म्हणाली. कर्ता अजूनही नव्हताच, पण पाना बरोबर होता.

आत घालायला तिनं लाकडाचा भुसा आणला, स्वतः चाळला. कुंड्यांचे दोन तुकडे पालथे घालून दोन बाजूंना दोन गुहा केल्या. पाण्याचं जड भांडं गार बाजूला ठेवलं. एक फांदी तिरकी रोवली. मिस्त्रीनं फांदी स्क्रूनं पक्की केली. ही फांदी हलणार नव्हती.

मग पेटी रिकामी चालवून बघायचा दिवस आला. मिस्त्रीनं मोठ्या तोऱ्यात थर्मोस्टॅट लावला. आयुष्यभर हेच तर केलं होतं! बत्तीसवर काटा ठेवला, सेन्सर भिंतीला चिकटवला आणि चहा प्यायला गेला. दोन तासांनी खोलीतून आरोळी आली.

"सेहेचाळीस! इथे सेहेचाळीस झालंय!"

मिस्त्री धावला. ठकी गरम बाजूच्या गुहेपाशी आपला छोटा थर्मामीटर धरून उभी होती, चेहरा लालबुंद. घोळ लगेच त्याच्या लक्षात आला. सवयीनं त्यानं सेन्सर हीटरपासून लांब, पार गार टोकाला चिकटवला होता. गार टोक बत्तीस व्हायची वाट बघत हीटर इकडे तापतच राहिला होता.

"सेन्सर कुठे लावलास तू?" ठकी ओरडली. "ते जिथे बसणार तिथे लावायचा असतो ना! तुला एवढं कळत नाही? गाजर भाजलं असतं! पूर्ण भाजलं असतं गाजर!"

मिस्त्री मान खाली घालून उभा होता. चूक झाली होती, शंभर टक्के झाली होती. पण 'गाजर भाजलं असतं' हे शब्द कानात शिरले आणि त्याचा ओठ थरथरायला लागला. त्यानं दातांनी ओठ धरून ठेवला. स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं आणि बायको खो-खो हसत सुटल्याचा आवाज आला. ठकीनं रागानं तिकडे बघितलं, इकडे बघितलं, स्वतःचं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं असावं, आणि मग तिलाही राहवेना. तिघं तीन ठिकाणी हसत होती.

'तू' निघून गेला होता तोंडातून. तो परत घ्यायचा तिनं प्रयत्न केला नाही, आणि मिस्त्रीनंही आपल्याला ऐकू आल्याचं दाखवलं नाही.

सेन्सर हलवला. तीन दिवस पेटी रिकामी चालवली, ठकीनं सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवले. बत्तीस आणि चोवीस, काटा जागचा हलला नाही. चौथ्या दिवशी तिनं गाजराला आत सोडलं. ते पेटीच्या कडेकडेनं एक फेरी मारून गार बाजूच्या गुहेत शिरलं, आणि बाहेर यायचं नाव घेईना.

एक आठवडा गेला. नव्या जागी आठवडाभर खायला द्यायचं नसतं, म्हणून ठकीनं दिलं नाही. मग दिलं तर गाजरानं तोंड फिरवलं. त्याचं खाणं म्हणजे गोठवलेले छोटे उंदीर. ते फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या पिशवीशेजारी एका डब्यात असायचे, आणि तो डबा मिस्त्री चिमट्यानं बाजूला सारायचा. कोमट पाण्यात उंदराचा बर्फ उतरवून ठकी तो लांब चिमट्यानं धरायची, अर्धा अर्धा तास. गाजर हलायचं नाही.

"त्याला हे घर आवडलं नाही," ती म्हणाली. मिस्त्रीला उगीच वाटलं की आपल्यालाच म्हणाली. त्यानं काचेचा खालचा अर्धा भाग बाहेरूनच निरखून बघितला, जमिनीवर आडवा पडून सापाच्या उंचीवरून खोली न्याहाळली, आणि दुसऱ्या दिवशी त्या भागावर खाकी कागद चिकटवला. "येता-जाता आपले पाय दिसत असतील त्याला," तो म्हणाला. "कोणाला भूक लागेल?" ठकीला ते पटलं. पण गाजर काही जेवलं नाही. दुसरा आठवडाही तसाच गेला.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. हवेत चांगलाच गारठा होता. मिस्त्रीची सुट्टी होती, बायको दुकानात, ठकी शाळेत. अकराच्या सुमारास आकडे बघून ठेवावेत म्हणून तो पेटीपाशी गेला. हे काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं, काचेच्या बाहेरून करण्यासारखं असल्यामुळे. आकडे बरोबर होते. गुहा मात्र रिकामी दिसली. दुसरीही रिकामी. फांदी रिकामी. आणि पेटीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथून वायरी बाहेर काढल्या होत्या, तिथलं भोक काळंभोर उघडं होतं. त्यात त्यानं चिंधी कोंबली होती. दोन दिवसांत फोम भरू म्हणाला होता. चिंधी भुशात पडली होती.

पुढच्या क्षणी मिस्त्री स्टुलावर उभा होता. कसा चढला ते आठवत नाही. तिथूनच त्यानं खोलीभर नजर फिरवली. डोळ्यांसमोर साप नव्हता, चार वाजता शाळेतून येणारी ठकी होती. एक पेटी फोडली, आता सापच घालवला. तो हळूच खाली उतरला.

मग डोकं चालवायला लागला. आपण साप असतो तर कुठे गेलो असतो? ऊब असेल तिथे. घरात ऊब कुठे? चूल बंद, पाण्याचा हीटर बंद, उन्हाचा पत्ता नाही. स्वयंपाकघरातून बारीक घुर्र आवाज आला, आणि मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. ज्यानं वीस वर्षं फ्रीजची पाठ बघितली त्याला हे सुचायला एवढा वेळ लागावा! फ्रीज समोरून गार, पण मागे कॉम्प्रेसर तापलेला असतो.

त्यानं प्लग काढला. फ्रीज पुढे ओढला, टॉर्च मारला. मागच्या पत्र्याच्या फटीतून केशरी पट्टे दिसले. गाजर कॉम्प्रेसरला वेटोळं घालून, नळीत गुंतून बसलं होतं.

ठकीची वाट बघता आली असती. पण पाच तास ते तिथे कसं राहील? पत्र्याची धार, अजून गरम असलेली नळी. मिस्त्रीनं चार स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला. "गाजरा," तो म्हणाला, "हे बघ बाबा, मी तुझ्या वाटेला जात नाही, तू माझ्या जाऊ नकोस. फक्त एवढ्यापुरतं." आणि डोळे अर्धे मिटून हात आत घातला.

साप ओला असेल, बुळबुळीत असेल असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. हाताला लागलं ते कोरडं, गुळगुळीत आणि कोमट. चामड्याच्या जुन्या पट्ट्यासारखं, पण आतून चालतं-फिरतं. त्यानं एकेक वेढा सोडवला. गाजर विरोध न करता त्याच्या मनगटावर आलं, कोपरापर्यंत चढलं, आणि तिथून त्यानं जे केलं त्याची मिस्त्रीला स्वप्नातही कल्पना नव्हती. ते सरळ स्वेटरच्या गळ्यातून आत शिरलं. छातीवरून काखेत गेलं, एकदा वळलं आणि थांबलं.

मिस्त्री भिंतीला टेकून जमिनीवर बसला तो बसलाच. फोन बाहेरच्या खोलीत होता. उठावं तर ते बिथरेल. खोकला आला, तोही गिळला.

चार वाजता कुलूप उघडल्याचा आवाज आला. दप्तर पडलं. मग पावलं खोलीकडे गेली, आणि मग ठकीचा आवाज आला, फाटलेला.

"गाजर नाहीये! गाजर पेटीत नाहीये!"

"इकडे ये," मिस्त्री शक्य तेवढ्या हळू म्हणाला. "सावकाश ये. माझ्याकडे आहे."

ती दारात आली. ओढलेला फ्रीज, उघडा पत्रा, भिंतीशी पुतळ्यासारखा बसलेला मिस्त्री. "कुठे आहे?"

"स्वेटरमध्ये."

ठकीचं तोंड उघडंच राहिलं.

"भोक माझ्याकडून राहिलं," मिस्त्री म्हणाला. "वायरींचं. चूक माझीच आहे. फ्रीजच्या मागे जाऊन बसलं होतं. त्याला काही लागलेलं नाही, मी बघितलंय."

ती जवळ येऊन गुडघ्यांवर बसली. स्वेटरवरून तिनं अगदी हलका हात फिरवला. "झोपलंय." मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. "पांढरा फटक पडलायस. किती वेळ असा बसलायस?"

"साडेअकरापासून."

"भीती वाटतेय?"

"हो."

"अजून?"

"अजून."

"काढू?"

मिस्त्रीनं हो म्हणायला तोंड उघडलं, पण काखेत ते जड, शांत वेटोळं होतं. तीन आठवडे अन्न न घेतलेलं. "झोपू दे दहा मिनिटं," तो म्हणाला. "एवढा बसलोच आहे तर."

ठकी त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"ती पेटी बाबांनी स्वतः केलेली असं मी शाळेत सांगायचे," ती मग म्हणाली, समोरच्या कपाटाकडे बघत. "केलेली नव्हती. दुकानातून आणलेली. त्यांना साप आवडायचा नाही. हात पण नाही लावला कधी."

"चांगली होती पेटी," तो म्हणाला.

"लहान होती," ठकी म्हणाली. "त्याला सरळ होता यायचं नाही."

मग तिनं त्याला शिकवलं. मुठीत धरायचं नाही, अडवायचं नाही, ते पुढे निघालं की दुसरा हात पुढे द्यायचा. गाजर स्वेटरच्या बाहीतून डोकं काढून बाहेर आलं, त्याच्या हातावरून तिच्या हातावर, तिच्यावरून पुन्हा त्याच्या. मिस्त्रीच्या कपाळावर घाम होता, पण हात पुढे जात राहिले. गाजराला टबात ठेवून दोघांनी आधी ते भोक बुजवलं. त्यानं फोम भरला, वरून तिनं जाळीचा तुकडा धरला, त्यानं तो ठोकला. मग तिनं बोट घालून बघितलं, त्यानं बघितलं, आणि तिनं पुन्हा एकदा बघितलं.

साडेपाचला बायको आली ती स्वयंपाकघरात पाण्याच्या थारोळ्यात उभी राहिली.

"मिस्त्री! फ्रीज बंद का आहे? सगळ्याचा बर्फ सुटलाय इथे!"

प्लग लावायचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. वाटाणे मऊ, लोणी पातळ, आणि त्या डब्यातले वरचे दोन उंदीर पार सैल पडलेले. "हे परत गोठवायचे नसतात," ठकी म्हणाली. "वाया जातील." मग तिची नजर पेटीकडे गेली. "देऊन बघू?"

गाजर आता पुन्हा पेटीत, गरम बाजूच्या गुहेत होतं. आजवर ते त्या बाजूला फिरकलंही नव्हतं. ठकीनं उंदीर कोमट केला, चिमट्यात धरला. खोलीतला दिवा मालवला, पेटीतली पट्टी तेवढी चालू. तिघं जमिनीवर बसली. गुहेतून डोकं आलं. जीभ आत-बाहेर झाली, थांबली, पुन्हा झाली. आणि मग एवढ्या चपळाईनं झेप आली की मिस्त्री बसल्या जागी फूटभर मागे सरकला.

"खाल्लं!" ठकी कुजबुजली. "आई, खाल्लं त्यानं!" तिनं एका हातानं आईचा आणि दुसऱ्या हातानं मिस्त्रीचा दंड घट्ट धरला होता. मिस्त्रीला तो हात दुखेपर्यंत धरलेला चालणार होता.

"आता दोन दिवस कोणी त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"मी तर मुळीच नाही," मिस्त्री मनापासून म्हणाला.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला वाटाणेच वाटाणे होते, कारण बर्फ सुटलेले वाटाणे ठेवणार कुठे? जेवण झाल्यावर मिस्त्री फ्रीजचा पत्रा बसवायला गेला. तीन स्क्रू हाताशी होते, चौथा काही मिळेना. बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, "राहू द्या, उद्या बघा." पण ठकी टॉर्च घेऊन आली आणि फरशीवर पोटावर आडवी झाली. मिस्त्रीही तिच्या शेजारी आडवा झाला, गाल फरशीला लावून.

"कपाटाखाली बघ," ती म्हणाली. "तुझ्या बाजूला. चमकतंय काहीतरी."